किती वेळा फाटायला हवं

ग्लेबनं फोनवर मापं सांगितली तेव्हा वाटलं, चुकतोय.
छाती एकशे अठरा, कंबर एकोणऐंशी.
असा माणूस मी कधी बेतला नव्हता.
वोर्कुटाच्या शिवणखान्यात एकवीस वर्षं
खाणीतल्या बचावपथकाचे गणवेश शिवले मी,
तिथले पुरुष बटाट्याच्या पोत्यासारखे,
वरपासून खालपर्यंत एकच माप.

"अग्निशामकाचा हवाय, आई.
पण एका झटक्यात अंगावेगळा झाला पाहिजे."
मी विचारलं, किती वेळा फाटायला हवं?
तो जरा थांबला.
"आठवड्यातून नऊदा. शनिवारी तीनदा."

त्याच्या धंद्याविषयी आमचं बोलणं एवढंच.

वेल्क्रोचा गठ्ठा आला, मी चष्मा बदलला.
शिवण खरी दिसावी म्हणून वरून खोटी टीप मारली.
खोटं काम खऱ्याहून किचकट असतं
हे या वयात कळलं.

लहानपणी हॉकीच्या संघानं घेतलं नव्हतं त्याला,
बरगड्या मोजता यायच्या.
मग समोरची इमारत रिकामी झाली, तिच्या तळघरात
कोळशाच्या डब्यांची चाकं उचलायचा.
दोन महिने सूर्य उगवत नाही आमच्याकडे,
त्या दोन महिन्यांत त्याला खांदे फुटले.

आता झिनाईदा प्रोटीनचा डबा घेऊन येते,
"बघ, तुझाच ना?"
डब्यावर नुसतं पोट. मान वरून कापलेली.
अपेंडिक्सचा व्रणसुद्धा पुसलाय कोणीतरी.
मी बेंबीवरून ओळखलं.
ती मीच दिलेली.

नववर्षाला घरी आला, स्पर्धा तोंडावर.
मीठ बंद, पाणी मोजून,
अंगाला अक्रोडाच्या सालीसारखा रंग, माझ्या चादरींवर तो अजून आहे.
सॅलडचं भांडं त्यानं दोन्ही हातांनी उचललं,
हुंगलं, आणि ठेवून दिलं.
येफीम, त्याचा बाप, अठरा वर्षं बचावपथकात होता,
टीव्हीवरून नजर न काढता म्हणाला,
"त्या फोटोत पट्टा उलटा बांधलायस.
आगीत मरशील."
दुसऱ्या दिवशी दोघं स्वयंपाकघरात उभे,
बाप पोराला पट्टा बांधायला शिकवत होता.
मी दार लोटून घेतलं.

मग आठ मार्च. आमच्याच संस्कृतिभवनात कार्यक्रम.
पहिल्या रांगेत सगळ्या माझ्या:
खाणीच्या न्हाणीघरातली कपितोलीना,
दिवे वाटणारी अव्गुस्ता, निवृत्त, ओठ रंगवलेले.
संगीत वाढलं, धूर आला,
ग्लेबनं विजारीला हात घातला, ओढली.
ती निघाली नाही.
पुन्हा ओढली.
खाणीतली विजार अशी निघत नसते.
कोणीतरी खिदळलं. मग तोही हसला,
दुसरीतला, पुढचे दात पडलेला ग्लेब जसा हसायचा तसा,
आणि अख्खा गणवेश अंगावर ठेवून नाचला,
बापाचेच बूट, पट्टा सुलट.
कपितोलीना रडत होती की घाम पुसत होती
मला सांगता यायचं नाही.

रात्री दिव्याखाली विजार उलटी करून बसला.
"आई, हा दोरा कुठला?"
मी म्हटलं, जेव.
"हा चाळीस नंबरचा आहे. खाणीचा."
मशीन जुनं झालंय, मी म्हटलं, कधी कधी
स्वतःच्या मनानं चालतं.
त्यानं पेल्मेनी खाल्ले. सात.
वर मीठ घेतलं.

काल पुन्हा फोन.
आता खलाशाचा हवाय, पांढरा, सोनेरी बटणं.
क्लबात नवी पोरं आलीत, बाविशीची,
हा सकाळी म्हाताऱ्यांना तलावात हात हलवायला शिकवतो,
गुडघ्याला पट्टी असते, असं तो नाही, झिनाईदा सांगते.
छाती एकशे अठरा, म्हणाला.
कंबर
ब्याऐंशी.

मी काही विचारलं नाही, वहीत लिहून घेतलं.
वेल्क्रो नेहमीचंच लावणार आहे, शब्द दिलाय.
फक्त कंबरेच्या शिवणीत, आतल्या बाजूनं,
दोन बोटं माया ठेवली आहे.